औंढ्याची घोडी आणि मालकांचा उजवा हात

लोणावळ्याला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या गल्लीत पहिली चौकशी झाली ती चिक्कीची. दुसरी, धुकं होतं का. तिसरी, टायगर पॉइंट बघितला का. चिक्की आणली होती, ती वाटून संपली. धुकं होतं. पॉइंट मात्र एकही बघितला नाही. महिनाभर लोणावळ्याच्या उशाला राहून मी बघितली ती एक घोडी. पांढुरकी, वयस्कर, एका कानाचं टोक चिरलेलं, नाव गौरी. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. ज्यांच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलंय त्यांनी तर वाचाच. बाकीच्यांनी माझी बडबड म्हणून वाचा, ती तुम्हाला नवी नाही.

मिरज

मालक म्हणजे आमचे हे. मिरज स्टेशनाबाहेर त्यांचा टांगा असायचा, जुन्या माणसांना आठवत असेल. घोडीचं नाव चंद्री, कपाळावर पांढरी कोर होती म्हणून. आमच्या घरात एक रीत होती. सकाळी तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा तुकडा, वर गुळाचा खडा, हा चंद्रीचा. तो तिनं खाल्ल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही, पाव्हणा असला तरी नाही. मालक तो तुकडा तळहातावर ठेवून तिच्यापुढं धरायचे. तळहात सपाट आणि बोटं मागं वाकवलेली, म्हणजे जनावराचे दात लागत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला चूल दाखवायच्या आधी चंद्रीच्या आधीची घोडी दाखवली, आणि मालकांनी माझा हात धरून तळहात असा सपाट करून दिला. लग्नानंतर त्यांनी माझा हात धरला तो पहिल्यांदा त्या घोडीसाठी. असो.

रिक्षा आल्या, टांगे गेले. चंद्री म्हातारी होऊन आमच्याच दारात गेली. मालक मग एका गोदामावर राखणीला राहिले. दुसरं जनावर आणलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेना. नखं तळव्यात रुतायची, म्हणून मी मुठीत कापडाची वळी घालून ठेवायची. ऐकू सगळं यायचं, डोळ्यांनी बोलायचे, पण तोंडातून शब्द नाही. आणि खरी अडचण उठवण्याची. कॉटवरून उभं करायचं म्हणजे मी काखेत हात घालून, “उठा, उठा” करत त्यांना उपसायची. ते मागं रेलायचे. एकदा दोघंही फरशीवर आलो. शेजारच्या मंडळींनी आधी मला उचललं का त्यांना, ते आता आठवत नाही, पण त्या दिवसापासून माझी कंबर माझी राहिली नाही.

आमचा विलास पुण्यात असतो. दोघं नवराबायको नोकरीला जातात, जागा केवढीशी. तो येऊन माझ्यापुढं मांडी घालून बसला. म्हणाला, “आई, माझ्या घरापासून जवळ एक संस्था आहे. बाबांना तिथं ठेवू. उचलायला माणसं असतात. तू माझ्याकडं राहा.”

“म्हणजे ते तिकडं आणि मी इकडं?”

“रोज भेटायला जायचं की. तुझी कंबर कायमची गेली तर तुम्हा दोघांना कोण बघणार?”

त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण मी म्हटलं, एक महिना दे. सूनबाईनंच मग कुठूनसं शोधून काढलं की मावळात, औंढ्याजवळ, घोड्यांच्या सोबतीनं ऑक्युपेशनल थेरपी करतात. उठणं, बसणं, हातात वस्तू धरणं, घास घेणं, ही रोजची कामं हातापायांना पुन्हा शिकवायची, त्याला हे नाव. विलास कबूल झाला. ठरलं असं की दसरा झाल्यावर तो येणार. मालक एका माणसाच्या आधारानं कॉटवरून उभे राहिले, तर परत मिरज. नाही तर संस्था. मालक समोरच होते. सगळं ऐकत होते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

औंढे

आम्ही पोचलो तेव्हा भातं निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या. आमच्या कृष्णाकाठाला ऊस म्हणजे भिंत, पलीकडचं दिसत नाही. इथं सगळं उघडं. भाताची खाचरं एकाखाली एक उतरलेली, बांधांवर पिवळी सोनकी, समोर लोहगड. सकाळी धुकं आलं की गड जातो, मग झाडं जातात, शेवटी अंगणातली तुळस तेवढी राहते. आठवडाभर गाव इतकं गप्प की गाईनं शेपूट मारलेलं ऐकू यावं, आणि शनिवार आला की आजूबाजूच्या बंगल्यांतून गाण्यांचा नुसता धुरळा. मालकांना तो धुरळा आवडायचा, डाव्या हातानं कॉटच्या दांडीवर ठेका धरायचे.

खोली दिली होती ती संगीतानं. नवरा तळेगावच्या कारखान्यात, हिची थोडी शेती आणि या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चाफ्याचं फूल. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ज्वारीचं पीठ कुठं मिळेल?

“मावशी, ज्वारी हितं कुटं हुडकता? तांदळाची भाकर खावा. आबास्नी बी चावायला हलकी.”

आमच्याकडं भात म्हणजे जेवणाच्या शेवटी ताकाबरोबर. इथं भातापासून सुरुवात आणि भातावरच शेवट. इंद्रायणी तांदूळ शिजायला लागला की दारापर्यंत वास येतो, पण शिजून असा चिकट होतो की पहिल्या दिवशी मला वाटलं माझंच पाणी जास्त झालं. संगीता लय हसली. “त्यो तसाच असतो वो मावशी! मोकळा झाला तर आमी दुकानदाराशी भांडतो.” मालकांना तो भात मानवला. गोळा करून डाव्या हातानं खाता यायचा, सांडायचा नाही. वर्षानंतर त्यांनी माझ्या हाताशिवाय पोटभर जेवण केलं ते त्या चिकट भातामुळं.

तबेला

गावाबाहेर उतारावर पत्र्याचा लांब तबेला, पुढं मऊ मातीचं रिंगण आणि बाजूला एक लाकडी चढण, खुर्ची तिच्यावरून ढकलत नेली की माणूस थेट घोड्याच्या पाठीच्या उंचीला येतो. थेरपी देणारी मुलगी केतकी. मुलगी म्हणते, पण तिशीची असेल. घोड्यांचं बघायला सोपानभाऊ, औंढ्याचेच, डोक्याला कायम टॉवेल. आम्ही गेलो तेव्हा गौरीच्या पाठीवर पाच-सहा वर्षांची एक पोर होती. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. केतकी एका बाजूनं, पोरीची आई दुसऱ्या बाजूनं धरून. घोडी दहा पावलं चालली असेल नसेल, पोरीचे पाय हळूहळू सैल झाले. पिळून ठेवलेलं कापड आपोआप उलगडावं तसे. मी मालकांकडं बघितलं. ते पोरीकडं बघतच नव्हते. घोडीकडं बघत होते.

“आजोबा, चला. आपली पाळी,” केतकी म्हणाली आणि खुर्ची चढणीकडं वळवली.

मालकांनी डाव्या हातानं चाक धरलं. असं धरलं की सोडवेना. मान हलवत राहिले, नाही, नाही.

“भीती वाटतेय का? मी धरते की तुम्हाला.”

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, “भीती नव्हे ग बाई. टांगेवाला आपल्या घोड्याच्या पाठीवर बसत नाही. सगळ्या जन्मात ते चंद्रीवर बसले नाहीत. आमच्यात म्हणतात, जे जनावर आपल्याला ओढून पोसतं त्याच्या पाठीवर आणि काय बसायचं? घोड्यावर बसायचं ते एकदाच, लग्नात. तेही दुसऱ्याच्या घोड्यावर.”

सोपानभाऊ म्हणाले, “आबा, ही दुसऱ्याचीच हाय की! माझी बी न्हाई.”

मालक ऐकेनात. वाटलं, आला तो दिवस फुकट. पण केतकीनं हट्ट धरला नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, “पाठीवर नको तर नको. शेजारी बसाल?” मग तिनं दगडी ओटा होता त्यावर मालकांना बसवलं, गौरीला डाव्या अंगानं अगदी खेटून उभं केलं, आणि त्यांची ती मिटलेली मूठ उचलून घोडीच्या आयाळीखाली ठेवली. तिथं जनावर फार ऊन असतं. मालकांनी डोळे मिटले. किती वेळ कोण जाणे. नंतर केतकीनं मूठ काढली तेव्हा अंगठा बाहेर आला होता.

त्या दिवसापासून कार्यक्रम ठरला. आधी मूठ आयाळीत. मग खराऱ्याचा ब्रश पट्ट्यानं उजव्या हाताला बांधायचा आणि मानेपासून खांद्यापर्यंत फिरवायचा, कमी पडेल तिथं केतकीचा हात खालून. शेवटी घोडीच्या मानेमागच्या उंचवट्याला डावा हात घालून उभं राहायचा प्रयत्न. पहिल्या आठवड्यात बूड ओट्यावरून वीतभर सुटायचं. दुसऱ्या आठवड्यात गुडघे निम्मे सरळ व्हायला लागले. मूठ सुटत गेली तशी मुठीतली कापडाची वळी मी जाड केली, मग आणखी जाड केली. विलासला फोनवर सांगताना माझा आवाज नको इतका मोठा व्हायचा.

आणि मग मी घाण केली.

भाकरीचा तुकडा

रीत अंगात मुरलेली असते हो. पहिल्याच सकाळी संगीतानं भाकरी टाकली आणि माझा हात आपोआप तुकडा मोडायला गेला. गुळाचा खडा ठेवला, फडक्यात बांधला, कमरेला खोचला. मालकांना खुर्चीतून न्यायच्या आधी मी एकटी पुढं जायची, गौरीला तुकडा द्यायची, आणि मागं येऊन मगच चहा घ्यायची. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? घोडीचं काम आपल्या माणसासाठी चाललंय, मग तिच्या आधी आपण कसं खायचं?

मग एक दिवस पाऊस लागला, उशीर झाला, तुकडा कमरेलाच राहिला. मी नेहमीसारखी ओट्याशेजारी बसले. मालकांनी घोडीच्या खांद्याला हात घातला. उठले. निम्म्याच्या वर उठले. मला दिसत होतं, आज होणार. तेवढ्यात गौरीनं नाक फेंदारलं, मान वळवली आणि माझ्या कमरेकडं एक पाऊल टाकलं. एकच पाऊल. मालकांचा हात हवेत राहिला. ते उजव्या अंगावर पडले. तोंडातून आवाजही आला नाही त्यांच्या, आवाज नव्हताच ना.

सोपानभाऊंनी घोडी मागं घेतली. केतकीनं मालकांना तपासलं, बसतं केलं, आणि मग माझ्याकडं बघून हळू विचारलं, “आजी, कमरेला काय आहे?”

“भाकरी,” मी म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “कामाच्या आधी तिला आम्ही हातानं काही देत नाही, आजी. ती वाट बघायला लागली की स्थिर उभी राहत नाही. मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.”

सोपानभाऊ म्हणाले, “तरीच! रोज सकाळच्याला दाराकडं डोळं लावून बसायची. मला वाटलं माझ्यावर जीव जडला हिचा.” मग ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मावशी, तुमी मायेनं केलं. रडू नगा.”

लोणावळा

लोणावळा मी बघितला तो असा. फोटो काढायला गेलो, पण एक्सरेचा. हाड शाबूत निघालं, मुका मार. डॉक्टरांनी चार दिवस काही करू नका म्हणून सांगितलं. महिना दिलेला, आणि त्यातले चार दिवस असे गेले. विलासचा फोन आला, तो इतकंच म्हणाला, “डोक्यावर पडले असते तर, आई?”

परत येताना रिक्षावाल्याला म्हटलं, तलावाकडून घे, मालकांना जरा वारा लागू दे. तिथं सुट्टीची गर्दी. मक्याची कणसं, भजी, आणि चक्कर मारून आणणारे घोडे, गोंडे लावलेले. एक घोडेवाला पोऱ्या रिक्षात डोकावला. “आजोबा, बसताय का? एकदम शांत आहे आपला राजा.”

मालकांनी मला डोळ्यांनी सांगितलं, थांब. डावा हात रिक्षाबाहेर काढला. राजानं आधी वास घेतला, मग कपाळ त्या तळहाताला लावलं आणि तसाच राहिला. मागं लोक ओरडत होते, कुणाला फोटो हवा, कुणाला भाव पटेना. मालकांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एक हात मुडपलेला आणि एक घोड्याला दिलेला. मी पदरानं पुसलं. घोडेवाला बिचारा ओशाळला. म्हणाला, “राहू द्या आजी, राहू द्या जरा वेळ. गिऱ्हाईक काय, येतंच.” समोरच्या दुकानात मी चिक्की घेतली ती तेव्हा. तुम्ही सगळ्यांनी चवीनं खाल्लीत म्हणून सांगितलं नव्हतं.

परत तबेला

चार दिवसांनी गेलो तर मालक बिथरलेले. मूठ आयाळीत ठेवू द्यायचे, ब्रश फिरवायचे, पण उभं राहायचं म्हटलं की शेजारच्या खुर्चीचं चाक धरायचे. केतकीनं मला कुंपणापाशी उंबराखाली बसवलं. “आजी, काही दिवस तुम्ही फक्त बघा. बोलायचं नाही, हाक मारायची नाही.” माझ्यासारख्या बाईला गप्प बसवणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. पण गप्प बसल्यावर दिसायला लागतं.

एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “घरी तुम्ही त्यांना कसं उठवायचात?” मी हातानं करून दाखवलं, काखेत हात, वर ओढ.

“ओढलं की माणूस मागं रेलतो. पडू नये म्हणून रेलतो, हट्टानं नाही. आता गौरीकडं बघा. ती ओढते का?”

मी बघितलं. घोडी नुसती उभी होती. पाय चारी बाजूंना घट्ट, मान सरळ, श्वास लांब. मालकांकडं बघतही नव्हती. माझ्याकडून हे कधी झालंच नव्हतं. मी वर्षभर त्यांच्या तोंडाकडं बघत, घाई करत, रडवेली होऊन ओढत होते.

मी विचारलं, “हात सुधारेल का ग अजून? बोलतील का?”

ती खोटं बोलली नाही. “आलंय ते टिकवायचं, आजी. वाढेल असं मी नाही सांगत.” मग उठता उठता म्हणाली, “गौरीलाही आम्ही पुढच्या वर्षी कामातून मोकळी करणार आहोत. थकली ती.”

दसरा

दसऱ्याला संगीता पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात गेली. तिच्या घरी त्या दिवशी सोनं लुटत नाहीत, शस्त्रं पुजत नाहीत, त्यांचा तो धम्माचा दिवस. जाताना वाटीभर खीर ठेवून गेली, “आबास्नी द्या, ऊन ऊन हाय तवर.” मिरजेत दसरा म्हणजे आमच्या दारात टांगा धुतलेला, चाकांना हळदीकुंकू, आणि चंद्रीच्या गळ्यात मालकांनी स्वतः ओवलेली झेंडूची माळ. ती माळ खायला जायची आणि मालक तिच्यावर ओरडायचे. तिची खीर आणि माझी आठवण, दोन्ही घेऊन मी मालकांना तबेल्यात नेलं.

सोपानभाऊंनी सगळ्या घोड्यांना नटवलं होतं. गौरीच्या गळ्यात पण माळ, चांगली लांबलचक, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. मालकांना ओट्यावर बसवलं. केतकी ब्रशचा पट्टा बांधत होती. मी उंबराखाली. सोपानभाऊ घोडीशी गप्पा मारत लगाम धरून उभे. गौरीनं शांतपणे मान खाली घातली, माळेचं टोक ओठांनी उचललं आणि झेंडू खायला लागली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मालकांच्या आलं. त्यांचा डावा हात घोडीच्या खांद्यावर गेला, आणि ते उभे राहिले. निम्मे नाही, पुरते. ब्रश बांधलेला उजवा हात माळेकडं गेला. आणि मोठ्यानं, जसे दारात ओरडायचे तसे, ओरडले,

“चंद्री!”

गौरीनं दचकून माळ सोडली. केतकीचे हात त्यांच्या कमरेमागं, पण न टेकता. सोपानभाऊ टॉवेल तोंडाला लावून पुटपुटले, “व्हय आबा, व्हय. चंद्रीच. चंद्रीच ती.”

मी रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. होताच आनंद. पण खरं सांगू? वर्षभर मी कान देऊन बसले होते की हे काही तरी बोलतील. ‘अगं’ म्हणतील, ‘पाणी’ म्हणतील. माझं नाव म्हणतील असं मनातही नव्हतं, कारण आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नापासून मी ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ एवढीच. पहिला शब्द आला तो मेलेल्या घोडीचा.

विलास

दुसऱ्या दिवशी विलास आला. तबेल्यात मालक गौरीला धरून उभे राहिले, त्याच्यादेखत. त्यानं केतकीचे हात हातात घेतले. मग खोलीवर आलो, आणि खरी परीक्षा. कॉटवर बसवलं. विलास पुढं झाला, “बाबा, उठा,” म्हणून हात धरले. मालक मागं रेलले. पुन्हा. पुन्हा. घामेजले, पण कॉटवरून सुटले नाहीत.

विलास खाली बसला. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. डोळे भरून आले त्याचे. “आई, घरात मी घोडी कुठून आणू?”

सामान बांधायला घेतलं. संगीतानं वाटेसाठी भाकऱ्या दिल्या. सकाळ झाली, रिक्षा यायची वेळ झाली. विलास बाहेर पिशव्या नेत होता. मालक कॉटवर, भिंतीकडं तोंड. मी घड्या करता करता थांबले. काय मनात आलं सांगता येत नाही. मी कॉटच्या कडेला, त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. पाय फाकवून. तोंड दाराकडं. त्यांच्याकडं बघितलं नाही. खांदा त्यांच्या हाताला येईल इतकी वाकले, कंबर ओरडली, ओरडू दिली. ‘उठा’ म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. नाकानं लांब श्वास घेत राहिले, गौरी घ्यायची तसा.

बराच वेळ काही झालं नाही. मग खांद्यावर हात आला. दोनदा थोपटलं, टांगा जुंपायच्या आधी चंद्रीला थोपटायचे तसं. मग भार आला. आधी थोडा, मग सगळा. मी हलले नाही. माझ्या कानाशी त्यांचा श्वास वर वर सरकत गेला, आणि माझ्या शेजारी माझा नवरा उभा होता.

“चंद्री,” ते म्हणाले. हळू, लाडानं.

मी म्हटलं, “ओ.”

दारात विलास पिशवी घेऊन उभा होता. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि बाहेर तोंड करून उभा राहिला. तसाच म्हणाला, “तिकिटं मिरजेची काढतो. दिवाळीपर्यंत बघू.”

निघताना तबेल्यावरून गेलो. गौरीच्या पाठीवर ती कात्रीपायांची पोर होती. घोडीनं आमच्याकडं बघितलं नाही, कामात होती.

घर

दिवाळी झाली. विलास येऊन गेला, बघून गेला, पुन्हा विषय काढला नाही. माझी कंबर किती दिवस साथ देते ते तिचं तिलाच ठाऊक. दुसरा शब्द आला नाही. तुम्ही येता, खिडकीतून ऐकता आणि मला हळूच विचारता, वहिनी, ते तुम्हाला कुणाच्या नावानं हाक मारतात? मारतात त्या नावानं मी ओ देते. मला ओळखून मारतात का, ते मी त्यांना विचारलेलं नाही.

सकाळी मी भाकरी टाकते. ज्वारीची, आपली. त्यांना कॉटवर बसवून स्टूल पुढं ओढते आणि ताटलीत पहिल्या भाकरीचा तुकडा ठेवते, गुळासकट. ते डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडतात. करंगळी अजून आतच राहते. त्या तळहातावर तुकडा ठेवतात, आणि हात माझ्यापुढं धरतात. थरथरतो, पण सपाट असतो, बोटं जमतील तेवढी मागं वाकवलेली. पहिल्या दिवशी मी तुकडा हातानं उचलायला गेले, तर त्यांनी हात मागं घेतला.

आता मी वाकते आणि तोंडानंच घेते. मी खाल्ल्याशिवाय ते घास घेत नाहीत.